जुबेदानं सोडलेली सीट

“बाई, मले डॉक्टर नाही व्हाचं.”

जुबेदा हे बोलली तेव्हा मी सिरिंजा उकळायला ठेवत होते. त्या काळी इंजेक्शनची सिरिंज काचेची असे. एका पेशंटला वापरली की धुवायची, उकळायची आणि मग दुसऱ्याला. मी भांड्यावर झाकण ठेवलं, स्टोव्ह बारीक केला आणि म्हटलं, “काय म्हणालीस? पुन्हा बोल.”

“मले डॉक्टर नाही व्हाचं,” ती पुन्हा म्हणाली. आवाज तेवढाच शांत. “मी नागपूरले जाईन. पण मेडिकलले नाही.”

आदल्याच आठवड्यात तिच्या वडलांनी अख्ख्या लोणारात पेढे वाटले होते. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात तिचं नाव लागलं होतं. गावातून मेडिकलला जाणारी ती पहिली मुलगी. ग्रामपंचायतीत सत्कार झाला, हार घातले, भाषणं झाली. एक भाषण माझंही होतं. “जुबेदा डॉक्टर होऊन याच दवाखान्यात येईल आणि माझ्या खुर्चीत बसेल,” असं मी माइक हातात धरून सांगितलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. येत्या सोमवारी ॲडमिशन घ्यायला नागपूरला जायचं होतं, आणि आता ही पोरगी असं म्हणत होती.

महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. लोणारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी मेडिकल ऑफिसर होते. प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे आसपासच्या पुष्कळ खेड्यांसाठी मिळून असलेला सरकारी दवाखाना. आमच्याकडे थोड्या खाटा होत्या, बाळंतपणाची खोली होती आणि औषधं द्यायची एक खोली होती. तिला आम्ही डिस्पेन्सरी म्हणत असू. डिस्पेन्सरीवर राज्य वानखडेंचं. वानखडे आमचे कंपौंडर. मी चिठ्ठी लिहायची आणि वानखड्यांनी औषध बनवून द्यायचं. बनवून म्हणजे खरोखरच बनवून. आजच्यासारख्या गोळ्यांच्या पाकिटांचा तो काळ नव्हता. पावडरी खलात घोटायच्या, मोठ्या बरणीत मिक्स्चर करायचं, पेशंटनं घरून आणलेल्या बाटलीत ओतायचं आणि बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवायची. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस.

जुबेदाचे वडील युसूफभाई पिंजारी होते. कापूस पिंजून गाद्या-उशा भरण्याचा त्यांचा धंदा. दवाखान्यातल्या सगळ्या गाद्या त्यांनीच भरलेल्या. एकदा गाद्या पोचवायला ते आले तेव्हा शाळकरी जुबेदा त्यांच्याबरोबर होती. ती जी डिस्पेन्सरीच्या खिडकीशी उभी राहिली, ती हललीच नाही. मग सुटीच्या दिवशी यायची, बाटल्या धुवायची, पट्ट्या कातरायची. मला वाटलं, पोरीला डॉक्टरकीची ओढ आहे. मी पुस्तकं दिली. गणित, सायन्स घेतलं. पुढं ती अकोल्याला मामाकडे राहून कॉलेजात गेली, पण सुटीत घरी आली की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हजर. मला मूलबाळ नव्हतं. ती फाटक उघडून आत यायची तेव्हा माझा दिवस बरा जायचा, हे मान्य करायला हरकत नाही.

म्हणून मला आधी काळजीच वाटली. कुणीतरी हिला घाबरवलं असणार.

“मुडद्यांची भीती वाटते का? पहिल्या वर्षी डिसेक्शन असतं म्हणून?” मी विचारलं. डिसेक्शन म्हणजे शरीराची रचना शिकण्यासाठी मृतदेहाची चिरफाड. “दोन दिवस जड जातं. मग तिथं बसून पोरी डबासुद्धा खातात.”

“नाही बाई. भेव नाही वाटत.”

“रक्त?”

“रक्ताचं काय? मागच्या महिन्यात त्या बाळंतिणीपाशी मीच कंदील धरून उभी होती ना.”

ते खरं होतं. तिचा हात हललासुद्धा नव्हता.

“मग काऊन?” मी माझं मराठी सोडून तिच्या बोलीवर आले.

तिनं भांड्यावरचं सरकलेलं झाकण नीट केलं. मग म्हणाली, “राग नका मानू बाई. मले पेशंटचा कंटाळा येते.”

आयुष्यात मी पुष्कळ कारणं ऐकली आहेत. हे पहिल्यांदाच ऐकलं. मला रागही आला आणि हसूही. मी म्हटलं, “उद्या सकाळी ओपीडीत माझ्याशेजारी बस. मग बोलू.” ओपीडी म्हणजे बाहेरून येणाऱ्या पेशंटना तपासायची वेळ.

दुसऱ्या दिवशी ती बसली. बाजाराचा दिवस होता, गर्दी मरणाची. एक म्हातारी पोट दुखतं म्हणून आली. कधीपासून दुखतं, असं विचारलं तर तिनं धाकट्या नणंदेच्या लग्नापासून सुरुवात केली. लग्नात भांडण कसं झालं, जेवायला उशीर कसा झाला, सुनेनं तेव्हा काय म्हटलं, मुलगा कुणाच्या बाजूनं बोलला. मी ऐकत होते. अशा गोष्टीत मध्येच एखादं वाक्य येतं आणि दुखणं कुठलं ते कळतं. तिच्याही गोष्टीत ते आलं: सून वेगळी निघाल्यापासून म्हातारी एकटीपुरता स्वयंपाक करीतच नव्हती. शिळी भाकर आणि चहा, एवढ्यावर चालू होतं.

मी जुबेदाकडे पाहिलं. ती म्हाताऱ्या बाईकडे बघतच नव्हती. तिची नजर उघड्या दारातून थेट डिस्पेन्सरीतल्या बरणीवर होती.

गर्दी ओसरल्यावर मी विचारलं, “त्या आजीचं दुखणं काय होतं?”

ती खाली मान घालून म्हणाली, “मी ऐकलं नाही. माफ करा. वानखडेभाऊनं मिक्स्चर सकाळीच केलं, अन् आताच खाली गाळ बसला. मागच्या बारीनं दुपारलोग नव्हता बसला. कायनं बसला असंन, तेच पाहून राह्यली होती.” मग तिनं वर पाहिलं. “बाई, तुमाले माणसं आवडतात. ते बुढी बोलत होती तं तुमचा चेहरा कसा झाला होता! माया तसा होत नाही. मले वाईट वाटते तिचं, पण तिनं लवकर आटपावं असं वाटते. असा डॉक्टर तुमाले चालंन काय?”

असे डॉक्टर मी पाहिले होते. चालतात, पण पेशंटला विचारून पाहा.

तिला काय हवं होतं तेही तिनं ठरवलेलं होतं. नागपूरलाच विद्यापीठात फार्मसीची डिग्री होती, बी.फार्म. औषध कशापासून बनतं, कसं टिकतं, उन्हात का खराब होतं, त्यात भेसळ असली तर कशी ओळखायची, हे सगळं तिथं शिकवत. अकोल्याच्या तिच्या प्रोफेसरांनी सांगितलं होतं. आज हे सांगावं लागत नाही. तेव्हा आमच्या जिल्ह्यात फार्मसीची डिग्री ही काय भानगड आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. औषध देणारा म्हणजे कंपौंडर, एवढंच गावाचं ज्ञान.

वानखडे दाराआडून ऐकत होते. ते आत आले आणि माझ्यावरच चिडले.

“बाई, काही समजावा तिले! डॉक्टरची सीट सोडून कंपौंडर? मी हाव ना कंपौंडर! जनम गेला माया इथं. कोणी सत्कार केला काय?”

“भाऊ, कंपौंडर नाही. डिग्री असते,” जुबेदा म्हणाली.

“डिग्री घेऊन काय करशीन? खलच घोटशीन ना?” ते म्हणाले आणि डोळे पुसत बाहेर गेले. त्यांचा तिच्यावर माझ्याहून जास्त जीव होता.

खरी अडचण पुढं होती. जुबेदानं मला आधी का सांगितलं, तर घरी सांगायची हिंमत नव्हती. मेहकरच्या एका बऱ्या घरातून तिला मागणं आलेलं होतं. तिची आई अमीनाबी त्या लोकांना थोपवून होती, कारण पोरगी डॉक्टर होणार होती. डॉक्टर नाही म्हटल्यावर थोपवायचं कारणच संपलं. मेडिकलही जाईल, फार्मसीही जाईल आणि जुबेदा थेट मेहकरला. मी तिला म्हटलं, “विचार कर. मेडिकलची सीट हातात आहे. ती सोडली आणि अब्बा नाही म्हणाले, तर काहीच राहणार नाही.”

“म्हणूनच तं तुमाले आधी सांगतलं,” ती म्हणाली.

संध्याकाळी मी युसूफभाईंच्या दुकानात गेले. ते पिंजण चालवत होते. पिंजणाची ताणलेली तात घुमत होती आणि कापूस उडत होता. त्यांच्या भुवया, दाढी, टोपी सगळं पांढरं झालेलं. मला बघून त्यांनी हात थांबवला आणि स्टूल पुसून पुढं केलं.

मी आडवळण न घेता सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. पडद्याआडून अमीनाबी बोलल्या, “मी तं पयलेच म्हणत होती. मेहकरवाले पुसून राह्यले. हो म्हणून टाका.”

“थांब,” युसूफभाई म्हणाले. मग मला विचारलं, “बाई, माया पोरीले कोणी भेवाडलं काय?”

“नाही. मी सगळं विचारून पाहिलं.”

“तुमाले काय वाटते?”

“मला ती डॉक्टर झालेली हवी होती,” मी म्हटलं. “पण ती माझ्याशी खोटं बोलत नाही.”

ते बराच वेळ हातातला कापूस चुरत बसले. “लोकायले काय सांगू?” एवढं स्वतःशीच म्हणाले. शेवटी उठले. “पाह्यल्याबिगर मी गादीचं कापडही घेत नाही. नागपूरले जाचंच हाय. दोन्ही कॉलेजं पाहू. मंग बोलतो.”

मी रजा टाकली. लोणारहून मेहकर, मेहकरहून अकोला असा एस.टी.नं प्रवास करून आम्ही तिघं रेल्वेत बसलो. रस्ताभर बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. दोघंही माझ्याशी मात्र बोलत होते, त्यामुळं मला फार दमायला झालं.

आधी मेडिकल पाहिलं. ते माझंच कॉलेज. युसूफभाई त्या इमारतीपुढं उभे राहिले आणि वर बघताना त्यांची टोपी पडली. एवढं मोठं हॉस्पिटल त्यांनी पाहिलं नव्हतं. वॉर्डातून फिरताना त्यांनी एका रिकाम्या खाटेवरची गादी दाबून पाहिली. मुलींचं हॉस्टेल पाहिलं. वॉर्डनबाईंना नमाज पढायला जागा आहे का, जेवण कसं असतं, रात्री फाटक कोण लावतं, सगळं विचारलं. उत्तरं त्यांच्या मनासारखी आली. त्यांचा चेहरा फुलला होता. “बाई, काय जागा हाय!” ते मला सारखं म्हणत होते. जुबेदा मुकाट्यानं मागं चालत होती. विचारलेल्याला नीट उत्तर देत होती, स्वतःहून काही विचारत नव्हती.

मग फार्मसीला गेलो. आधीच्या मानानं ती जागा अगदीच लहान. युसूफभाईंनी मान हलवली. आत शिरताच कापूर, लवंग आणि स्पिरिट यांचा मिळून एक वास आला. एक प्रोफेसर शर्टाच्या बाह्या वर करून गोळ्या पाडायच्या मशीनपाशी उभे होते. वरून पावडर टाकायची, हँडल फिरवायचं आणि खालून गोळी पडायची. पडलेली गोळी चिमटीत धरली की फुटत होती. ते वैतागले होते.

जुबेदा आमच्यातून निघून सरळ मशीनपाशी गेली. “सर, हे काऊन फुटते?”

त्यांनी वर न बघताच सांगितलं, “पावडर जास्त सुकली. ओल कमी पडली.”

“आमच्या दवाखान्यात उन्हाळ्यात गोळ्यांचा डब्यातच चुरा होते. तेही त्याच्यानंच काय?”

आता त्यांनी वर पाहिलं. “डबा पत्र्याचा का? ठेवता कुठं?”

मग ते दोघं जे बोलत सुटले, त्यात आमची कुणाला आठवण राहिली नाही. ती विचारत होती, ते सांगत होते, मध्येच ती नाही म्हणत होती, ते पुन्हा सांगत होते. तिनं ओढणी खोचून हँडल फिरवायला घेतलं. युसूफभाई भिंतीला टेकून उभे होते. ते मशीनकडे नव्हते बघत, पोरीकडे बघत होते.

“घरी इतकी नाही बोलत,” ते हळूच म्हणाले.

जरा वेळानं त्यांनी प्रोफेसरांना गाठलं. “साहेब, इथं शिकलेल्याचा दर्जा काय? डॉक्टरच्या खालचा ना?”

प्रोफेसर हात पुसत म्हणाले, “डॉक्टर चुकला तर एका पेशंटचं नुकसान होतं. आमचं चुकलं तर पूर्ण बॅच बिघडते. बॅच म्हणजे एका वेळी केलेलं सगळं औषध. ते किती गावांत जाईल सांगता येत नाही. दर्जा तुम्हीच ठरवा.” मग थोडं थांबून म्हणाले, “मुली फार येत नाहीत इकडं. ही आली तर मला आवडेल. आमची ॲडमिशन अजून उघडी आहे, पण फार दिवस नाही.”

युसूफभाईंनी सलाम केला आणि ते बाहेर पडले. त्या दिवशी ते माझ्याशीही बोलले नाहीत. जुबेदा माझा हात धरून चालत होती.

दुसऱ्या दिवशी मेडिकलला हजर व्हायचं होतं. डीनसाहेब माझे गुरू. आम्हाला आत बोलावलं. मी सांगायला सुरुवात केली, “सर, हिला सीट घ्यायची आहे की नाही, ते अजून—”

“म्हणजे?” त्यांनी चष्मा काढला. “डॉक्टर, तुम्ही आमच्या विद्यार्थिनी. लोक या सीटसाठी मंत्र्यांच्या चिठ्ठ्या आणतात. आणि तुम्ही मुलीला घेऊन आलात ती सीट सोडायला?”

“सोडायला म्हणून नाही आणलं, सर.”

ते जुबेदाकडे वळले. “बेटा, आत्ता नाही म्हटलंस तर हे दार पुन्हा उघडणार नाही. पुढच्याला बोलावणं जाईल. कळतंय?”

“हो सर.”

“घरून दबाव आहे का? लग्नबिग्न?”

तिनं वडलांकडे पाहिलं. डीनसाहेबांनीही पाहिलं. आवाज चढवून ते म्हणाले, “तुम्ही वडील ना? मुलीला घरी बसवायचंय का?”

युसूफभाई उभे राहिले. अंगावर धुतलेला कुडता होता आणि टोपी हातात. मला वाटलं, आता हे म्हणणार की पोरगी नादान आहे, तुम्ही नाव लिहून घ्या. खरं सांगते, माझ्या मनाच्या एका कोपऱ्याला तसंच व्हावं असं वाटत होतं.

“साहेब,” ते म्हणाले, “घरी नाही बसवाचं. पेढे मी वाटले होते. पोरीनं नाही वाटले. तिले कोणी पुसलंच नव्हतं. काल मी पाह्यलं तिले. त्या औषधवाल्या कॉलेजात. माया पोरीचा तसा चेहरा मी कधी पाह्यला नव्हता.” त्यांनी हातातली टोपी डोक्यावर घातली. “तुमचं कॉलेज मोठं हाय. मले तं हेच आवडलं. पण शिकाचं तिले हाय, मले नाही. सीट ज्याची असंन त्याले देऊन टाका.”

डीनसाहेबांनी चष्मा पुन्हा लावला. “नोकरीत इतकी वर्षं झाली,” ते म्हणाले, “मुलांना इथं ओढत आणणारे बाप रोज बघतो.” पुढं काय म्हणायचं ते त्यांना सुचलं नसावं. त्यांनी कागद पुढं केला. जुबेदानं मराठीत सही केली, युसूफभाईंनी उर्दूत.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर जुबेदा रडली. युसूफभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “चल, उशीर नको करू. तो मास्तर गोळ्या पाडत असंन.” दुपारपर्यंत तिची फार्मसीत ॲडमिशन झाली.

जुबेदा नागपूरलाच राहिली, परतीच्या प्रवासात युसूफभाई आणि मी, दोघंच होतो. लोणार जवळ आलं तसे युसूफभाई गप्प होत गेले. स्टँडवर लोकांनी घेरलंच. “झाली काय डॉक्टरीण?” कुणीतरी विचारलं. ते म्हणाले, “डॉक्टर ज्याच्या भरवशावर चिठ्ठी लिहिते, ते शिकून राह्यली.” लोकांना फारसं कळलं नाही. पुढं बरेच दिवस गावात म्हणत, पिंजाऱ्याची पोरगी मेडिकलात टिकली नाही. काही जण तर मला येऊन सांगत, बाई, तुम्ही तिला उगाच नादी लावलं होतं. युसूफभाई कुणाला समजावायला गेले नाहीत. मेहकरच्या लोकांना अमीनाबींनीच निरोप पाठवला, पोरीची शिकाई व्हायची आहे. त्यांचं मन कसं वळलं ते मी विचारलं नाही.

जुबेदा चांगली शिकली. पुढं मुंबईला, सरकार जिथं औषधं तपासतं त्या लॅबोरेटरीत तिला नोकरी लागली. बाजारातल्या औषधाचे नमुने तिथं येत. ते तपासायचे आणि बरोबर आहे की नाही ते लिहून द्यायचं. एकदा सुटीत आली तेव्हा तिनं आमच्या डिस्पेन्सरीतली निम्मी औषधं सावलीतल्या कपाटात हलवायला लावली. वानखड्यांनी आधी कुरकुर केली, मग ते कपाटाची किल्ली कुणाला देईनासे झाले. पुढं तिनं तिच्यासारख्याच कामातल्या माणसाशी लग्न केलं. युसूफभाईंनी गाद्या स्वतः भरून मुंबईला नेल्या.

तिनं सोडलेली सीट कुणाला मिळाली, ते मला कधी कळलं नाही. कुणीतरी डॉक्टर झालं असेलच. पेशंटचा कंटाळा न येणारं असलं म्हणजे झालं.

लोणारला मात्र लेडी डॉक्टर मिळेना. माझ्या जागी यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून माझी बदली वर्षानुवर्षं लांबली. वरच्या साहेबांना मी दर वर्षी विचारायचे आणि ते दर वर्षी म्हणायचे, “तुमच्या गावची एक मुलगी मेडिकलला लागली होती ना? तिला बोलवा.”

रिटायर होऊन मला बराच काळ लोटला. उन्हाळ्यात निकाल लागले की आईबाप अजूनही घरी येतात. कुठलं कॉलेज चांगलं, सरकारी घ्यावं की खासगी, डेंटल बरं की आयुर्वेद, असं विचारतात. मी विचारते, “सुटी असली की पोरगं दिवसभर काय करत बसतं?” पुष्कळांना ते सांगता येत नाही. त्यांना मी चहा देते आणि घरी जाऊन पाहून या म्हणते. बाईंचं आता वय झालं, असं म्हणत ते जातात. काही जण मात्र परत येतात.